कॅप्टन बोगार्डस आणि काचेचा चेंडू

प्रत्येक देशात विजेत्याच्या अंगावर मानाची काही ना काही खूण चढते. महाराष्ट्रात कुस्तीचे मैदान मारणाऱ्या मल्लाच्या डोक्याला फेटा बांधतात आणि त्याच्या खांद्यावर चांदीची गदा देतात. अमेरिकेच्या पश्चिम भागात घोडेस्वारीत किंवा नेमबाजीत पहिला आलेल्या माणसाला कमरेच्या पट्ट्याचे रुंद, नक्षीदार बक्कल मिळते. असली जुनी बक्कले जमवणारे शौकीन जगभर आहेत, आणि एखाद्या नामांकित नेमबाजाचे बक्कल हाती लागले तर ते त्यासाठी भली मोठी रक्कम मोजतात. हॉलंडची रीत याहूनही जुनी आहे. त्या देशाच्या दक्षिणेकडील ब्राबांट आणि लिंबुर्ख प्रांतांत नेमबाजांची शेकडो वर्षांची मंडळे आहेत. उंच खांबावर लाकडाचा पक्षी बसवतात आणि सभासद पाळीपाळीने त्यावर नेम धरतात. जो शेवटचा तुकडा खाली पाडील तो त्या मंडळाचा राजा. त्याच्या गळ्यात चांदीची साखळी पडते. तिला चांदीचा पक्षी लटकलेला असतो आणि पूर्वीच्या राजांनी दिलेल्या चांदीच्या पट्ट्या जोडलेल्या असतात.

आज आम्ही ज्यांचे चरित्र सांगणार आहोत त्यांचे नाव हॉलंडचे, जन्म अमेरिकेचा आणि कीर्ती दोन्ही खंडांतली होती. कॅप्टन ॲडम बोगार्डस हे उडत्या पक्ष्यावर नेम धरण्यात आपल्या काळी जगात पहिले मानले जात. जुन्या छायाचित्रांत त्यांच्या छातीवर पदके झळकताना दिसतात. परंतु आज शौकीन लोक त्यांच्या नावाची जी वस्तू शोधत फिरतात ती पदक नव्हे आणि बक्कलही नव्हे. ती आहे मुठीत मावेल एवढा काचेचा एक पोकळ चेंडू. त्या चेंडूची गोष्ट आपल्या मॉरिशसच्या माणसाने अवश्य ऐकावी, कारण तिचा धागा कबुतराच्या कुळातल्या पक्ष्यांशी जोडलेला आहे, आणि त्या कुळातला सर्वांत प्रसिद्ध पक्षी याच बेटावर राहत होता.

प्रथम नावाची हकिकत सांगतो. हॉलंडमध्ये युट्रेख्त आणि लायडन या शहरांच्या मध्ये वूर्डेन नावाचे गाव आहे. तेथील अनाथाश्रमात सतराव्या शतकाच्या आरंभी एव्हर्ट विलेम्सझोन नावाचा मुलगा वाढला. शिंप्याचे काम शिकत असता तो आजारी पडला. काही काळ त्याचे ऐकणे आणि बोलणे बंद झाले. त्या आजारातून उठल्यावर त्याने धर्मोपदेशक होण्याचे ठरवले. लायडनच्या विद्यापीठात शिकताना त्याने आपले आडनाव लॅटिन धर्तीवर बोगार्डस असे केले. मूळ डच शब्दाचा अर्थ फळबाग असा आहे. पुढे हे एव्हरार्डस बोगार्डस आफ्रिकेच्या गिनी किनाऱ्यावर काम करून १६३३ साली न्यू ॲम्स्टरडॅम येथे पाद्री म्हणून गेले. आजचे न्यूयॉर्क ते हेच. १६३८ साली त्यांनी आनेके यान्स नावाच्या विधवेशी लग्न केले. वाचकांनी हे वर्ष लक्षात ठेवावे. त्याच १६३८ साली डच लोकांनी आपल्या ग्रां पोर्टच्या किनाऱ्यावर पहिली वसाहत उभारली होती. एकाच देशाची गलबते एकाच काळात पश्चिमेला न्यूयॉर्कला आणि पूर्वेला मॉरिशसला नांगर टाकीत होती.

हे पाद्री महाशय सरळ स्वभावाचे आणि तिखट जिभेचे होते. तेथील गव्हर्नर विलेम कीफ्ट याने मूळ रहिवाशांवर केलेल्या कत्तलीबद्दल त्यांनी त्याला उघड दोष दिला. दोघांचे भांडण इतके विकोपाला गेले की १६४७ साली दोघेही आपापली बाजू मांडण्यासाठी एकाच जहाजाने हॉलंडला निघाले. वेल्सच्या किनाऱ्यापाशी ते जहाज बुडाले आणि वादी-प्रतिवादी दोघेही समुद्रात गेले. मागे आनेके आणि तिचे चार मुलगे राहिले. अमेरिकेतले बोगार्डस कुळ याच जोडप्यापासून मोजले जाते. त्याच्या शाखा हडसन नदीच्या काठाने ऑल्बनीच्या भागात पसरल्या, आणि त्याच ऑल्बनी परगण्यात बर्न नावाच्या खेड्यात १८३३ च्या सप्टेंबर महिन्यात ॲडम बोगार्डस यांचा जन्म झाला.

डोंगराळ भागात वाढलेल्या त्या मुलाच्या हाती पंधराव्या वर्षी बंदूक आली. त्या काळी ती चैन नव्हती. रानात मिळेल ते सावज घरच्या चुलीवर चढत असे. १८५६ साली ते पश्चिमेला इलिनॉय प्रांतात गेले आणि पुढे एल्कहार्ट या छोट्या गावी स्थायिक झाले. त्या वेळचे इलिनॉय म्हणजे मैलच्या मैल गवताळ मैदान होते. मधून मधून पाणथळ जागा होत्या आणि त्यांवर रानकोंबड्या, लावे, बदके आणि पाणलावे यांचे थवे उतरत. एल्कहार्टवरून शिकागो आणि सेंट लुईस यांना जोडणारी आगगाडी जात असे. सकाळी मारलेले पक्षी पिंपात भरून गाडीत टाकावे, की ते शहरातल्या खाणावळींना पोचत. बोगार्डस यांनी हाच धंदा धरला. आपल्याकडे मासेमार जसा जाळ्यावर संसार चालवतो तसा त्यांनी बंदुकीवर संसार चालवला. रोज पहाटेपासून अंधार पडेपर्यंत वर्षानुवर्षे नेम धरल्यामुळे त्यांचा डोळा आणि हात असा एक झाला की बंदूक खांद्याला लागताच बार सुटे. १८६४ साली यादवी युद्धात ते इलिनॉयच्या पायदळात कॅप्टन म्हणून काही महिने होते. तो हुद्दा पुढे जन्मभर त्यांच्या नावापुढे चिकटून राहिला.

आता ज्या खेळाने त्यांना कीर्ती दिली तो खेळ समजून घेऊ. त्याचे नाव ट्रॅप. ट्रॅप म्हणजे सापळा, पिंजरा. ही रीत इंग्लंडमधून आली. लंडनजवळच्या ईलिंग येथे एका गुत्त्याच्या अंगणात जमिनीत खड्डे करून त्यांत जिवंत कबुतरे ठेवीत आणि वर जुन्या टोप्या झाकीत. दोरीने टोपी ओढली की कबूतर भुर्रकन उडे आणि दूर उभा असलेला माणूस त्यावर गोळी झाडी. म्हणून त्या गुत्त्याचे नावच जुन्या टोप्या असे पडले होते. पुढे टोप्यांच्या जागी लहान पेट्या आल्या. अशा पाच पेट्या ओळीने मांडीत. कोणती उघडेल हे नेमबाजाला ठाऊक नसे. त्याने हाक दिली की दोरी ओढली जाई. पक्षी ठरलेल्या हद्दीच्या आत पडला तर एक गुण, जखमी होऊन हद्दीबाहेर गेला तर गुण नाही. श्रीमंत लोक यावर पैज लावीत. एकेका सामन्यात शेकडो कबुतरे लागत.

बोगार्डस या खेळात उतरले तेव्हा पस्तिशीला आलेले होते. १८६९ साली शिकागोच्या डेक्स्टर पार्क मैदानावर त्यांनी लागोपाठ शंभर कबुतरे एकही न चुकवता पाडली. त्याच वर्षी त्यांनी आणखी एक पैज घेतली. एकच बंदूक वापरायची, ती स्वतः भरायची आणि ६४५ मिनिटांत ५०० कबुतरे मारायची. ते काम त्यांनी ५२८ मिनिटांत पुरे केले. त्या दिवसांत बंदूक भरणे म्हणजे नळीच्या तोंडातून दारू आणि छर्रे घालून गजाने ठासणे. शाळेतल्या मुलांनी भागाकार करून पाहावा. एका कबुतराला एक मिनिट आणि काही सेकंद पडतात, आणि असे जवळजवळ नऊ तास.

१८७१ साली त्यांनी आयरा पेन या नामांकित नेमबाजाशी सामने खेळून अमेरिकेचे अजिंक्यपद मिळवले. १८७४ साली शिकार आणि ट्रॅप यांवर त्यांचे पुस्तक निघाले. ते त्या विषयावरचे एक प्रमाण पुस्तक ठरले. शाळेत फारसे न बसलेल्या माणसाने स्वतःच्या अनुभवावर उभारलेले हे पुस्तक होते. १८७५ साली ते इंग्लंडला गेले. तेथे पक्ष्यांवर नेम धरणे हा बड्या घराण्यांचा खेळ होता, आणि पक्षी मारून पोट भरणारा एक खेडवळ अमेरिकन त्यांच्यापुढे उभा राहिला होता. त्याने तेथील भल्याभल्यांना हरवले. १८७८ साली ते पुन्हा गेले. त्या वेळी ऑब्री कोव्हेंट्री या नेमबाजाशी एक हजार पौंडांचा सामना झाला. शंभर कबुतरांपैकी बोगार्डस यांनी ७९ पाडली आणि कोव्हेंट्री यांनी ७८. एका पक्ष्याच्या फरकाने जगातील पहिला नेमबाज ठरला.

येथवरची कथा ऐकून काही वाचकांच्या कपाळाला आठी पडली असेल. पेटीत कोंडलेल्या मुक्या पक्ष्याला सोडायचे आणि मारायचे, यात मर्दुमकी ती कसली, असे आमच्याही मनात आले. हा प्रश्न त्या काळच्या अमेरिकेतही विचारला गेला. न्यूयॉर्कमध्ये हेन्री बर्ग नावाच्या गृहस्थांनी १८६६ साली प्राण्यांना होणारा छळ थांबवण्यासाठी संस्था स्थापली होती. गाडीच्या घोड्यांची मारहाण, कुत्र्यांच्या झुंजी, कोंबड्यांच्या झुंजी यांच्याबरोबर कबुतरांच्या सामन्यांवरही त्यांनी तोफ डागली. लोक त्यांची चेष्टा करीत, वर्तमानपत्रे त्यांची व्यंगचित्रे काढीत, परंतु ते मागे हटले नाहीत.

दुसरी अडचण व्यवहाराची होती. कबुतरे स्वस्त होती, पण सराव करायला रोज शेकडो पक्षी कोठून आणायचे? म्हणून १८६० नंतरच्या दशकात बॉस्टनमध्ये काचेचे पोकळ चेंडू उडवून त्यांवर नेम धरण्याची युक्ती निघाली. तिचे मूळही इंग्लंडमध्येच होते. पण या युक्तीत दोन दोष होते. चेंडू उडवणारे यंत्र कमजोर होते. चेंडू सरळ वर जाई किंवा थोड्या अंतरावर पडे, त्यामुळे तो फोडणे पोरखेळ वाटे. शिवाय चेंडू गुळगुळीत असल्यामुळे छर्रे त्यावरून घसरून जात. नेम बरोबर लागूनही चेंडू शाबूत खाली येई आणि मग वादावादी होई.

बोगार्डस यांनी हे दोन्ही दोष काढले. त्यांनी पोलादी कमानीचे असे यंत्र केले की चेंडू पक्ष्यासारखा लांब कमान घेत दूर जाऊ लागला. चेंडूचा व्यास सुमारे अडीच इंच होता. त्याच्या बाहेरच्या अंगावर त्यांनी जाळीसारखी उंचवट्याची नक्षी काढवली. त्या खरबरीत अंगाला छर्रा अडकतो, घसरत नाही, आणि चेंडूचा चक्काचूर होतो. १८७७ च्या मार्च-एप्रिल महिन्यांत यंत्र आणि चेंडू या दोहोंचे पेटंट त्यांना मिळाले. चेंडूच्या मधल्या पट्ट्यावर त्यांचे नाव आणि १० एप्रिल १८७७ ही तारीख उठवलेली असे. पिवळसर तपकिरी, गडद निळे, हिरवे अशा रंगांचे हे चेंडू पेट्या भरभरून गावोगाव जाऊ लागले. काही कारखानदारांनी तर चेंडूत पिसे भरली. चेंडू फुटला की हवेत पिसांचा पुंजका उडे आणि पाहणाऱ्याला पक्षीच पडल्याचा भास होई.

नव्या मालाची जाहिरात करण्यात कॅप्टनसाहेब कोणाला हार जाणारे नव्हते. १८७८ च्या जानेवारीत न्यूयॉर्कच्या गिल्मोर गार्डन या बंदिस्त नाट्यगृहवजा मैदानात त्यांनी जाहीर केले की ५०० मिनिटांत ५००० चेंडू फोडीन. म्हणजे मिनिटाला दहा, सहा सेकंदांना एक. तेही एका दमात आठ तासांहून अधिक वेळ. बंदुकीचा दणका खांद्याला किती बसतो हे आपल्याकडे हरणांच्या शिकारीला जाणाऱ्यांना ठाऊक आहे. तो पाच हजार वेळा सोसून त्यांनी वेळेच्या आत आपला शब्द पुरा केला. या पराक्रमात एकाही जिवाची हानी झाली नाही. फक्त जमिनीवर काचांचा खच पडला.

परंतु आम्ही येथे कॅप्टनसाहेबांना संत ठरवू इच्छीत नाही. त्यांनी काचेचा चेंडू दयाबुद्धीने काढला असे म्हणणे खरे होणार नाही. तो त्यांचा धंदा होता, आणि त्याच वर्षी इंग्लंडला जाऊन त्यांनी जिवंत कबुतरांवरच हजार पौंड जिंकले हे आपण पाहिलेच. माणूस आपल्या काळाच्या पाण्यात पोहत असतो. तरी एक गोष्ट त्यांच्या पदरात टाकलीच पाहिजे. पक्षी न मारताही हे कौशल्य पणाला लावता येते, त्यात चुरस येते आणि लोक पैसे देऊन ते पाहायला येतात, हे त्यांनी हजारो लोकांच्या डोळ्यांसमोर सिद्ध केले. उपदेशाने जे बर्गसाहेबांना साधत नव्हते त्याची वाट एका शिकाऱ्याच्या यंत्राने मोकळी केली.

इकडे पक्ष्यांचे काय चालले होते? अमेरिकेत त्या वेळी प्रवासी कबूतर नावाचा एक देखणा पक्षी होता. त्याची संख्या एके काळी तीनशे ते पाचशे कोटींच्या घरात असावी असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. थवा जाऊ लागला की सूर्य झाकला जाई आणि तो संपायला तास न् तास लागत. तारायंत्राने थव्याचा पत्ता कळवायचा, आगगाडीने शिकारी पोचायचे, जाळ्यांनी आणि बंदुकांनी पक्षी गोळा करायचे आणि पिंपे भरून शहराला पाठवायची, असा क्रम चालला होता. झाडांवरच्या घरट्यांतली पिलेही सुटत नसत. १८७८ साली मिशिगनमधील पेटोस्की येथे या कबुतरांची प्रचंड वीण जमली होती. तेथे महिनोन् महिने कत्तल चालली. मेलेले पक्षी खाणावळींना गेले आणि जिवंत धरलेले ट्रॅपच्या सामन्यांना गेले. १८८१ साली न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंडला शिकाऱ्यांचा एक मेळावा भरला. त्यासाठी वीस हजार प्रवासी कबुतरे जाळ्यात धरून आणली होती. वाटेतच त्यांतली पुष्कळ मेली. बर्ग यांनी त्यावर रान उठवले. पण इतके पक्षी असता ते संपतील कसे, असेच बहुतेक लोकांना वाटत होते.

त्याच सुमारास सिनसिनाटी शहरातल्या जॉर्ज लिगॉव्स्की नावाच्या माणसाने एक साधी गोष्ट पाहिली. मुले तळ्याकाठी चपटे शिंपले पाण्यावर घसरत फेकत होती. चपटी वस्तू फिरत फिरत किती सरळ आणि वेगाने जाते हे त्याच्या ध्यानात आले. आपल्या ब्लू बे किंवा फ्लिक आं फ्लाकच्या किनाऱ्यावर मुले हाच खेळ खेळतात, पण आपण तिकडे पाहत नाही. लिगॉव्स्कीने भाजलेल्या मातीची बशी केली आणि १८८० साली तिचे पेटंट घेतले. तिला नाव दिले मातीचे कबूतर. काचेच्या चेंडूपेक्षा ती वेगाने उडे आणि फुटल्यावर शेतात काचा राहत नसत. काचेच्या तुकड्यांनी माणसांचे आणि गुरांचे पाय चिरले जात, ही तक्रार सर्वत्र होतीच.

१८८३ साल कॅप्टनसाहेबांना जड गेले. डॉक कार्व्हर नावाचा धिप्पाड नेमबाज युरोप गाजवून परत आला होता. लिगॉव्स्कीच्या कंपनीने या दोघांचे गावोगावी पंचवीस सामने ठरवले. सगळे सामने मातीच्या कबुतरांवर. काचेच्या चेंडूचा जनक आता दुसऱ्याच्या मालावर नेम धरीत होता आणि त्याचे वय पन्नाशीला टेकले होते. पंचवीसपैकी एकोणीस सामने कार्व्हरने जिंकले, तीन बरोबरीत सुटले आणि बोगार्डस यांच्या वाट्याला तीन आले. हार इतकी उघड होती की सबब सांगायला जागा नव्हती. त्यांनी मैदान मात्र सोडले नाही. पंचविसावा सामना संपेपर्यंत ते उभे राहिले. आमच्या मते त्यांच्या साऱ्या पदकांपेक्षा ही गोष्ट मुलांना सांगण्यासारखी आहे.

त्याच वर्षी बफेलो बिल कोडी याने आपला सुप्रसिद्ध पश्चिमी खेळ सुरू केला. त्यात घोडेस्वार, रानरेडे, तांबड्या वर्णाचे मूळ रहिवासी आणि नेमबाज असत. पहिल्या वर्षी कार्व्हर आणि बोगार्डस दोघेही त्यात होते. कार्व्हर कोडीशी भांडून निघून गेला, बोगार्डस राहिले. त्यांचे चार मुलगे वडिलांबरोबर रिंगणात उतरत. १८८४ च्या डिसेंबरात हा सारा काफिला मिसिसिपी नदीतून न्यू ऑर्लिन्सला जात असता आगबोटीला अपघात झाला आणि बरेचसे सामान नदीत गेले. त्यात बोगार्डस यांच्या बंदुका आणि यंत्रेही होती. एका पूर्वजाला समुद्राने नेले होते, या वंशजाची आयुष्याची हत्यारे नदीने नेली. १८८५ च्या वसंतात त्यांनी खेळाला रामराम ठोकला.

त्यांची रिकामी जागा भरण्यासाठी कोडीने लुइव्हिल येथे एका लहानखुऱ्या तरुण बाईची परीक्षा घेतली. तिचे नाव ॲनी ओकली. ओहायोच्या गरीब घरातली ही मुलगी. बाप लवकर वारला म्हणून लहानपणी ती परक्यांच्या घरी राबली होती आणि पुढे पक्षी मारून तिने घराला हातभार लावला होता. तिची कीर्ती पुढे बोगार्डस यांच्यापेक्षाही मोठी झाली. वाचक बंधुभगिनींनो, आपले पूर्वजही करारावर परक्याच्या उसाच्या मळ्यात राबले. म्हणून अशा मुलीची हकिकत आपल्याला परकी वाटत नाही. तिचे स्वतंत्र चरित्र सांगण्याचा योग पुन्हा कधी तरी येईल.

बोगार्डस यांचे उतारवय इलिनॉयमध्येच गेले. गवताळ मैदान नांगराखाली गेले होते. ज्या रानकोंबड्यांवर त्यांनी तरुणपणी संसार चालवला त्या दुर्मीळ झाल्या होत्या. १९१३ साली, वयाच्या ऐंशीच्या उंबरठ्यावर, त्यांचे निधन झाले. एल्कहार्टच्या टेकडीवरील दफनभूमीत त्यांना मूठमाती देण्यात आली.

त्यांच्यामागून दीड वर्षाने, १ सप्टेंबर १९१४ रोजी, सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मार्था नावाची एक मादी पिंजऱ्यात मरून पडली. ती जगातले शेवटचे प्रवासी कबूतर होती. ज्या शहरात मातीचे कबूतर जन्मले त्याच शहरात कोट्यवधींतले शेवटचे खरे कबूतर संपले. मातीच्या कबुतराला अजून मरण नाही. आज ते चुन्याच्या दगडाची भुकटी आणि डांबर यांचे करतात. ऑलिंपिकमध्ये त्याचा व्यास ११० मिलिमीटर आणि वजन १०५ ग्रॅम ठरलेले आहे. १९०० साली पॅरिसच्या खेळांत जिवंत कबुतरांवर सामना झाला होता. नंतर ती रीत बंद झाली. १९०८ साली लंडनला मातीच्या कबुतरांचे सामने झाले, त्यांत हॉलंडचाही संघ होता. भारतातर्फे बिकानेरचे महाराजा कर्णीसिंह यांनी १९६२ साली कैरोच्या जागतिक स्पर्धेत याच प्रकारात रौप्यपदक मिळवले. मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवलेले हे नेमबाज पाच ऑलिंपिक खेळले. आणि २०२४ साली पॅरिसला कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळे यांनी रायफलमध्ये कांस्यपदक मिळवून मराठी नाव उंचावले. या मंडळींनी आपली पदके मिळवताना एकही पक्षी मारला नाही, हे लक्षात घ्यावे.

आणि तो काचेचा चेंडू? लाखांनी केलेले ते चेंडू फुटण्यासाठीच केले होते, म्हणून शाबूत फार थोडे राहिले. कोणाच्या माळ्यावर, कोणाच्या गोठ्यात, पेंढ्यात गुंडाळलेल्या पेटीत एखादा सापडतो. त्यासाठी शौकीन शेकडो डॉलर देतात, आणि दुर्मीळ रंगाचा असेल तर हजारो. जी वस्तू नेमबाजाच्या हातून सुटली तिचीच आज किंमत होते, हा दैवाचा गमतीचा न्याय आहे.

आता आपल्या बेटाकडे वळू. १५९८ साली डच खलाशी येथे उतरले आणि त्यांनी आपल्या राजपुत्राच्या नावावरून या बेटाला मॉरिशस हे नाव दिले. १६३९ साली त्यांनीच जावाहून हरणे आणली. थंडीच्या महिन्यांत काळ्या नदीच्या मुलखात ज्यांची शिकार होते ती त्याच हरणांची संतती. त्यांना भेटलेला डोडो हा कबुतराच्या कुळातला पक्षी होता. त्याला उडता येत नव्हते, त्यामुळे त्याला पाडण्यासाठी बोगार्डस लागला नाही, काठी पुरली. शिवाय गलबतांतून आलेले उंदीर, डुकरे आणि माकडे यांनी त्याची अंडी फस्त केली. १६६२ नंतर त्याला पाहिल्याची खात्रीलायक नोंद नाही. जगाने तर त्याला दंतकथाच ठरवले असते. परंतु १८६५ साली माहेबुर्गचे एक शाळामास्तर जॉर्ज क्लार्क यांनी मार ओ सोंज या दलदलीत शोध घेऊन त्याची हाडे वर काढली. आमच्या पेशातल्या माणसाने हे काम केले याचा आम्हांला अभिमान वाटतो.

डोडोचा एक नातलग मात्र आपल्याकडे वाचला आहे. गुलाबी कबूतर १९९० च्या सुमारास रानात अवघे दहाच्या आसपास उरले होते. पिंजऱ्यात जोड्या वाढवून, उंदीर आणि मांजरे आवरून, दाणा घालून, अनेकांनी वर्षानुवर्षे खटपट केली. आज ते काही शेकड्यांत आहे. काळ्या नदीच्या खोऱ्यातल्या राष्ट्रीय उद्यानात ते पाहायला मिळते. सुटीच्या दिवशी मुलांना तेथे घेऊन जावे. फांदीवर बसलेला तो शांत, फिक्या गुलाबी रंगाचा पक्षी त्यांना दाखवावा, आणि ज्याने आयुष्यभर कबुतरे मारली आणि तरी कबुतरांऐवजी काच फोडायची वाट लोकांना दाखवली त्या हॉलंडच्या नावाच्या माणसाची गोष्टही त्यांना सांगावी. कोट्यवधी पक्षी कसे संपतात आणि दहा पक्ष्यांचे शेकडो कसे होतात, ही दोन्ही गणिते त्यांनी शाळेत असतानाच सोडवलेली बरी.